धडा : दमणे आणि दमवणे

मंडळी, आज फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहू.

दमणे – दमवणे

दोन्ही मोठ्याने वाचा. फरक केवढा? एका अक्षराचा. मधे एक 'व' आला. पण त्या 'व'ने अर्थ पालटला.

माणूस दमतो.
चढ माणसाला दमवतो.

पहिल्या वाक्यात माणूस दमला एवढेच कळते. कशाने दमला, ते कळत नाही. दुसऱ्या वाक्यात दमवणाराही कळतो. असा 'व' आला की समजावे, करणारा कोणीतरी आहे. आता याच जातीच्या आणखी जोड्या वाचा.

थकणे – थकवणे
झिजणे – झिजवणे
आटणे – आटवणे
संपणे – संपवणे

उन्हाने तळे आटते. बाई चुलीवर दूध आटवते. तळे आपोआप आटते. दूध आटवायला बाईला चुलीपाशी बसावे लागते.

मात्र प्रत्येक 'व' असा नसतो बरे. जेवणे, धावणे यांतला 'व' मूळचाच आहे.

पाण्याची गोष्ट

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. आषाढात सावित्री दुथडी भरून वाहते. पण डोंगर पडले उताराचे. पाणी ठरत नाही, वाहून जाते. मग चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांतले झरे आटतात. बायका हंडा-कळशी घेऊन दरी उतरतात आणि भरल्या हंड्याने पुन्हा चढतात. अशाच एका वाटेवर सासू-सुना बोलत आहेत.

सून : आत्याबाई, दमले मी. या चढानं पार दमवून टाकलं.

सासू : टेक जरा, बाय. तू दमलीस, मी तर आता थकलेच.

सून : झरा औंदा लवकर आटला, नाही का?

सासू : आटला म्हणतेस? थोडा उन्हानं आटला, थोडा आपणच संपवला. काल तिथं म्हशी धुतल्या, त्या काय उन्हानं धुतल्या?

सासूबाईंचे शब्द नीट पाहा. दमलेला माणूस घटकाभर बसला की ताजा होतो. थकणे हे पुष्कळदा वयाचे असते. ते बसून जात नाही. आणि झरा 'आटला' म्हटले की बोलणे तिथेच संपते, कारण उन्हाला कोण बोलणार? 'संपवला' म्हटले की पुढचा प्रश्न येतो : कोणी संपवला? मग म्हशी कोठे धुवायच्या, झऱ्याला पाळ कशी घालायची, हेही बोलता येते.

इंग्रजीत काय म्हणतात?

आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात. त्यांना विचारा, दमणे याला काय म्हणतात? ती सांगतील, 'टायर'. दमवणे याला? तेही 'टायर'च! इंग्रजीत आपल्यासारखा 'व' नाही. शब्द वाक्यात कोठे बसला, त्यावरून दमणारा कोण आणि दमवणारा कोण ते ओळखायचे. (एसटीच्या चाकाचा टायर निराळा. त्याचा दमण्याशी संबंध नाही.)

आपण 'दमवले' म्हणतो. अगदी पुरते दमवले, तर 'दमवून टाकले' म्हणतो. 'टाकले' जोडले की काम शेवटाला गेले. इंग्रजीत या कामाला 'आऊट' आणि 'अप' हे छोटे शब्द येतात.

यूज – वापरणे. यूज अप – वापरून संपवणे.
टायर – दमवणे. टायर आऊट – दमवून टाकणे.
वेअर आऊट – झिजवून टाकणे, जशी चप्पल.

आणखी एक शब्द, 'एक्झॉस्ट'. महाडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांनी एक्झॉस्ट पंखा पाहिला असेल. तो आतली कोंदट हवा बाहेर काढतो. हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. तिथे त्याचा अर्थ होता, पाणी उपसून काढणे. विहीर उपसली की कोरडी पडते. तसेच अंगातले बळ उपसले की माणूस गळून जातो. म्हणून इंग्रजीत माणसालाही तोच शब्द आणि साठ्यालाही तोच.

आपल्याकडेही असा एक शब्द आहे : खपणे. तांदूळ बाजारात खपतो आणि आई शेतात खपते.

कागदावरचा 'व'

आता कामाची गोष्ट. 'थकणे' हा शब्द पैशालाही लागतो. त्यावरूनच 'थकबाकी' हा शब्द झाला.

हप्ते थकले.
तुम्ही हप्ते थकवले.

पैसे दोन्हीकडे देणेच आहेत. पण पहिल्या वाक्यात कोणावर ठपका नाही. दुसऱ्यात ठपका तुमच्यावर आहे. पुरात भात गेले म्हणून हप्ता राहिला असेल, तर तसे स्पष्ट लिहा. 'थकवले' असे लिहिलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवू नका.

उलट बाजूही पाहा. मजुरी मिळाली नाही, तर आपण म्हणतो, 'मजुरी थकली.' कोणाकडे थकली? किती दिवसांची? अर्जात असे लिहावे : 'अमुक ठेकेदाराने आमची इतक्या दिवसांची मजुरी थकवली आहे.' आता वाचणाऱ्याला करणारा कळला. जाब कोणाला विचारायचा, तेही कळले.

कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे खरे. पण महाडनेच एक धडा घालून दिला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी विरोधकांनी कोर्टात दावा लावला. मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. कोर्टाच्या फेऱ्या भल्याभल्यांना दमवतात. पण ही माणसे हटली नाहीत. दावा फेटाळला गेला आणि पाण्यावरचा हक्क कायम राहिला.

अभ्यास

१. रिकाम्या जागी 'संपले' किंवा 'संपवले' लिहा :
डब्यातले तेल ____. मुलांनी डब्यातले तेल ____.

२. वाचा आणि अर्थ सांगा : 'तांदूळ पावसाळाभर पुरले.' 'आईने तांदूळ पावसाळाभर पुरवले.' दुसऱ्या वाक्यात कष्ट कोणाचे?

३. तुमच्या वाडीचे पाणी उन्हाळ्यात आटते की संपवले जाते? दोन वाक्ये लिहा. करणारा असेल तर तोही लिहा.

४. घरातला एखादा नोटिशीचा किंवा बँकेचा कागद वर्गात आणा. त्यात 'थकले' आहे की 'थकवले', ते शोधून त्याखाली रेघ ओढा.