लहान पापलेट आणि आपले देणे



काही दिवसांपूर्वी आपल्यातला एक तरुण मला भेटायला आला. आईच्या जोडीने त्याचा मासळीचा छोटा धंदा आहे. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, बर्फात घालून हॉटेलांना पोहोचवायची. एका हॉटेलाने त्याच्याकडे तळहाताहूनही लहान पापलेट मागितले होते. आई 'नको' म्हणत होती. तो म्हणाला, "फादर, मासा मरून बंदरावर आलेलाच आहे. मी नाही घेतला तर दुसरा घेईल. मग दोष कुणाचा?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट विचार करू या.

2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला. चंदेरी पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. हेतू साधा आहे : माशाला वाढायला आणि अंडी घालायला अवसर मिळावा.

'मी नाही तर दुसरा' यात अर्धे सत्य आहे. टोपलीतला तो मासा आता वाचणार नाही, हे खरे. पण लहान मासळीला गिऱ्हाईक आहे असे दिसले, की बारीक आसाचे जाळे उद्या पुन्हा पाण्यात पडते. आजची खरेदी म्हणजे उद्याच्या जाळ्याला दिलेली ऑर्डरच. तत्त्वज्ञ कांट विचारायला शिकवतो : हाच नियम सर्वांनी पाळला तर? तर दोषी कुणीच ठरणार नाही आणि पापलेटही उरणार नाही.

पवित्र शास्त्रात अनुवाद 22:6-7 मध्ये घरट्याविषयी आज्ञा आहे. पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. अन्न घेण्याची मुभा आहे, अन्नाचा झरा बुजवण्याची नाही.

जबाबदारी समुद्रापाशी संपत नाही. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. कोळंबी सोलणाऱ्या बाईचा हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात असतो. तिला हातमोजे, खरा काटा आणि वेळेवर मजुरी देणे हा दानधर्म नाही, ते तिचे देणे आहे. ताजी म्हणून शिळी मासळी न विकणे हे गिऱ्हाइकाचे देणे. फुटलेले थर्माकोलचे खोके आणि मासळीची घाण खाडीत न टाकणे हे शेजाऱ्याचे आणि पुढच्या पिढीचे देणे.

त्या तरुणाने हॉटेलला 'लहान पापलेट मिळणार नाही' असे कळवले. ऑर्डर निम्म्यावर आली. हा तोटा खरा आहे, तो मी गोड शब्दांनी झाकणार नाही. पण तो एकट्या त्याच्या घराने का सोसावा? मासळी तर आपण सारेच खातो. स्वस्त म्हणून लहान पापलेटचा वाटा उचलणारा हातही आपलाच असतो.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी :

1. मासळी घेताना मी भावाबरोबर आकारही पाहतो का?
2. माझ्या धंद्यात किंवा घरात राबणाऱ्या कुणाचे देणे माझ्याकडे राहिले आहे का?
3. जो प्रामाणिकपणामुळे तोटा सोसतो, त्याच्याकडून मी खरेदी करतो का?

आपला,
प्रमुख धर्मगुरू