स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर?

प्रश्न : सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात गॅसचा वास येतो. लगेच एक्झॉस्ट फॅन लावावा का?

उत्तर : अजिबात नाही. पंख्याचं बटण दाबताना आत उडणारी बारीकशी ठिणगीही स्फोटाला पुरते. चालू असलेला दिवा बंद करतानाही तेच घडतं, त्यामुळे वास आल्यावर कोणत्याच बटणाला हात लावू नये. स्वयंपाकघरात फ्रिज असेल तर तोही आपोआप चालू-बंद होताना ठिणगी टाकू शकतो. ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळलेला गॅस वर न जाता फरशीलगत, ओट्याखाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की पेट घेण्याची तयारी पूर्ण! मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं इथाइल मरकॅप्टन मिसळतात.

म्हणून आधी रेग्युलेटर बंद करावा, देवघरातली समई-उदबत्ती विझवावी, दारं-खिडक्या सताड उघडाव्यात. शक्य असल्यास सिलिंडरला सेफ्टी कॅप लावावी आणि घराबाहेर येऊन १९०६ या गळती मदत क्रमांकावर फोन करावा.

गळती बहुधा नळीतून किंवा व्हॉल्व्हमधल्या झिजलेल्या रबरी रिंगेतून होते. आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलावी. शंका आली तर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की गळतीची जागा सापडली. काडी पेटवून गळती शोधणारे आजही आहेत, त्यांना घरच्यांनी हात धरून थांबवावं.