धावपळ नव्हे, धुमसणारी चीड

सतत घड्याळाकडे बघत धावणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक ठरलेलाच, ही समजूत आली ती सॅन फ्रान्सिस्कोहून. तिथल्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये ‘टाइप ए’ स्वभाव मांडला: घाई, चढाओढ, पटकन येणारा राग. तीन हजारांहून अधिक पुरुषांवर साडेआठ वर्षं नजर ठेवल्यावर अशा माणसांत हृदयविकार सुमारे दुपटीनं आढळला. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत मात्र हे दिसेना. मग त्या स्वभावाचे पदर सुटे करून पाहिले गेले, तेव्हा संशय घाईवरून चिडखोरपणावर, माणसांविषयीच्या कडवट अविश्वासावर आला.

म्हणून धडपड्या वाचकांनो, कामाचा उरक हा आजार नाही. पण समोरच्यानं गाडी आडवी लावली की ‘मुद्दाम केलं’ असंच तुम्हाला वाटत असेल, तर सांभाळा. त्या क्षणी अ‍ॅड्रिनलिन उसळतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं. कॉर्टिसॉल साखर वाढवतं. प्रसंग सरला की हे उतरायला हवं. तुम्ही मात्र तेच भांडण रात्री अंथरुणात उगाळत बसता, आणि शरीराला उसंत मिळत नाही. खरं नुकसान इथे होतं, असं मला वाटतं.

राग गिळून कुढणाऱ्यांनीही हे वाचावं. शांत चेहऱ्याच्या माणसाचा रक्तदाबही चढलेला असू शकतो. घरात एक तरी माणूस असं असू द्या, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल.

‘स्वभावाला औषध नाही’ हे मला पटत नाही. फ्रीडमन यांनीच पुढे अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना समुपदेशन दिलं. साडेचार वर्षांत त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं. तुम्ही श्वासापासून सुरुवात करा: सावकाश, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडताना जास्त वेळ. बीपी भांडणानंतर लगेच मोजू नका. पाच मिनिटं गप्प बसून मोजा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम असं काही झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.