चि. ईशास, खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी

चि. ईशा,


तुझा निरोप आणि फोटो मिळाला. नेरुळच्या घरात दोन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आणि तिचे फोटो काढायचे, हा बेत मला मनापासून आवडला. पण फोटोत दुकानदाराने दाखवलेलं ते हॅमर कोरल हे प्रवाळ घेऊ नकोस. आगाऊ रक्कम दिली असशील तर सोडून दे.

चुन्याचा सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रघोडे आणि समुद्रपंखेही तिथेच. ती विकत घेणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ‘हे बाहेरचं आहे, टाकीत वाढवलेलं आहे’ असं दुकानात सर्रास सांगतात. त्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं आढळली, तेव्हा 2020 मध्ये त्यांच्या 18 वसाहती हलवायला मुंबई महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली होती. आणि ती प्रवाळं काही नजरेत भरणारी नव्हती, खडकाला चिकटलेली लहानशी होती. किनाऱ्यावरून उचलून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ही नको. भट्टीत भाजलेला किंवा सिमेंटचा सच्छिद्र दगड घे. उपयोगी जिवाणू त्यावर वस्ती करतातच, फक्त वेळ लागतो.

मग टाकीत ठेवायचं काय? क्लाउनफिशची जोडी ठेव, पण हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमला त्यांचं प्रजनन कधीच साधलंय, आणि तुझ्या घरापासून जवळ, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम सुरू झालं आहे. फ्लेमिंगो पाहायच्या बोटी सुटतात तेच ते केंद्र. आधी तिथे जाऊन ये. या माशांना टाकीत समुद्रफूल लागत नाही. जोडीतला मोठा मासा मादी असतो. ती गेली तर नरच पुढे मादी होतो. अंडी घातली की नर कल्ल्याशेजारच्या पंखांनी त्यांना वारा घालत बसतो. ते एकदा डोळ्यांनी बघ, प्रवाळाची उणीव भासणार नाही. जोडीला एखादी सफाई करणारी कोळंबी आणि हॅलिमेडा हे शेवाळ असू दे. त्याच्या चकत्या चुन्याने कडक होतात आणि उजेडात फार देखण्या दिसतात. काढून टाकलेलं शेवाळ मात्र खाडीत सोडू नकोस.

आता पाणी. वाशीच्या खाडीचं पाणी चालणार नाही. ते गढूळ असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा पार उतरतो. मोरबे धरणाचं नळाला येणारं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचंही पुरत नाही. आरओच्या पुढे डीआयचा टप्पा असलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी घे आणि त्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मरीन सॉल्ट विरघळव. मीठ टाकीत नव्हे, बाहेर बादलीत कालवायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 दिसलं पाहिजे. रोज वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी घसरली की भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवशिके इथेच खारं पाणी ओततात आणि मासे हळूहळू कोमेजतात. काचेवर पातळीची रेघ मारून ठेव.

पहिले चार ते सहा आठवडे टाकीत मासा नको. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी जमू देत. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्ही चाचण्या शून्यावर आल्या की मग ऐरोलीची वाट धर. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण जुलैच्या दमट हवेत ती युक्ती चालत नाही. तेव्हा खोलीचा एसी किंवा चिलर लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

कॅमेऱ्याचं तुला माझ्याहून अधिक कळतं, तरी दोन-तीन गोष्टी सांगतो. निळ्या एलईडीखाली काढलेला फोटो खोटा असतो. कॅमेरा गोंधळतो आणि सगळंच जांभळं होतं. पांढरा उजेड लाव, रॉमध्ये काढ, आणि पांढरी बशी पाण्यात धरून व्हाइट बॅलन्स बसव. लेन्स काचेला अगदी समोरासमोर ठेव. जरा तिरकी झाली की जाड काच चित्र ओढते. खोलीतले दिवे घालव, काच आतून पुसून घे, वेव्हमेकर दहा मिनिटं बंद ठेव. तो पुन्हा चालू करण्याचा गजर लावल्याशिवाय बंद करू नकोस. माशामागे कॅमेरा घेऊन धावू नकोस. तो जिथून वारंवार फिरतो त्या दगडावर फोकस लावून थांब, शटर 1/125 च्या खाली नको. फ्लॅश समोरून मारू नकोस.

आणि दर रविवारी, त्याच जागेवरून, त्याच उजेडात एक साधा फोटो काढत जा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला न दिसलेलं त्यातून कळतं: पंखावरचा पांढरा ठिपका, दगडावर चढणारी तांबडी साय. मला हेच फोटो सगळ्यांत मोलाचे वाटतात.

प्रवाळांचे फोटो हवेच असतील तर हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाच्या किनारफेरीत हाजी अलीला जा. खडकाला हात न लावता, वाकून काढायचे. बूट जुने घाल, शेवाळावर पाय घसरतो.

टाकी भरलीस की पहिल्या फोटोसोबत रिफ्रॅक्टोमीटरचा आकडाही धाड. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा