माशांच्या टाकीचा सम्प : साधा बरा की गुंतागुंतीचा?

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात काच-फ्रेमचे काम करणाऱ्या कारागिराकडे माशांच्या टाकीचेही काम येते. हौशी गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र दाखवते आणि टाकीखाली तसाच सहा-सात कप्प्यांचा सम्प मागते. काम मोठे, मजुरीही बरी. पण ही मागणी जशीच्या तशी घेण्याआधी थोडा विचार करावा.

सम्प म्हणजे खालच्या कपाटातली दुसरी टाकी. वरचे पाणी ओसंडून तिच्यात येते, गाळले जाते आणि पंपाने परत वर जाते. विष्ठा, उरलेले खाद्य स्पंजात अडकते. अमोनिया मात्र स्पंजाला दाद देत नाही. सिरॅमिक रिंगांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे भरू देऊ नयेत.

गोल्डफिश, गप्पी, एंजल यांना तीन कप्पे पुरतात : स्पंज, रिंगा, पंप. प्रोटीन स्किमर हे खाऱ्या पाण्याचे यंत्र आहे. गोड्या पाण्यात त्याचा फेसच नीट बनत नाही. शिवाय प्रत्येक जादा पडदा म्हणजे गळतीची एक जादा जागा. कप्प्यात हात जात नसेल तर गिऱ्हाईक सफाई करीत नाही, आणि मासे मेले की बोल कारागिराला लागतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. वळवाच्या पावसात ती जातेच. पंप थांबला की वरच्या टाकीतले पाणी ओसंडण्याच्या कडेपर्यंत खाली उतरते. टाकी 3 फूट लांब व दीड फूट रुंद असेल तर एक इंच पातळी म्हणजे साधारण साडेदहा लिटर पाणी. 2 फूट बाय 1 फूट सम्पात तेवढ्याने पातळी सव्वादोन इंच चढते. दोन इंच उतरले तर साडेचार. चालू सम्प काठोकाठ भरलेला असेल तर हे पाणी गिऱ्हाइकाच्या फरशीवर जाणार! परतीच्या पाइपाचे तोंड वरच्या पाण्यात खोल बुडवले तर त्यातूनही पाणी उलटे ओढले जाते. ते पातळीलगतच ठेवावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. कचऱ्याने तो अडकतो.

तेव्हा पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकासमोर पंपाचा प्लग काढून दाखवावा. पाणी चढून कुठे थांबते तिथे काचेवर खूण करावी, आणि चालू असतानाच्या पातळीचीही.

स्पंज व रिंगा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवाव्यात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. आणि सिलिकॉन घेताना बाथरूमसाठीचे, बुरशीनाशक मिसळलेले घेऊ नये. ते माशांना विषारी ठरते.