बालकांची अ‍ॅलर्जी आणि अँटिहिस्टामिन औषधे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, दुपारपासून हा नीट उठतच नाही हो. दूधसुद्धा घेत नाही." मूल गुंगीत होते. चौकशी केली तेव्हा घरात दोन बाटल्या निघाल्या. अंगावर पित्त उठले म्हणून मीच पूर्वी लिहून दिलेले एक सिरप, आणि सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेले दुसरे. नावे निराळी, रंग निराळे. पण दोहोंत क्लोरफेनिरामिन हा एकच घटक होता. त्यातून माझ्या चिठ्ठीत मी नुसते "एक चमचा" असे लिहिले होते, आणि आजींनी स्वयंपाकघरातील मोठा चमचा वापरला होता. रात्रभर देखरेखीखाली ठेवल्यावर मूल सकाळी खडखडीत उठले. आजी स्वतःला दोष देत होत्या. परंतु चुकीचा आरंभ माझ्या चिठ्ठीतच झाला होता. तेव्हापासून मी चिठ्ठीत "चमचा" हा शब्द लिहिलेला नाही.

हे औषध काय करते?

धूळ, परागकण, एखादा खाद्यपदार्थ यांसारखी वस्तू शरीराला शत्रू वाटली, की मास्ट पेशींतून हिस्टामिन हे द्रव्य बाहेर पडते. त्यामुळे खाज, शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी आणि त्वचेवर गांधी ही लक्षणे दिसतात. अँटिहिस्टामिन हिस्टामिनला त्याची जागा घेऊ देत नाही; मूळ अ‍ॅलर्जी मात्र ते नाहीशी करीत नाही. खाज, शिंका व गांधी यांवर ते उत्तम चालते, चोंदलेल्या नाकावर फारसे नाही. ते दम्याचे औषध नव्हे, आणि विषाणूंमुळे होणारी साधी सर्दी त्याने लवकर बरी होत नाही.

जुनी आणि नवी पिढी

डॅनियल बोवे यांनी १९३७ साली या औषधांचा पाया घातला. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीतील औषधे मेंदूत शिरतात. म्हणून झोप येते, तोंडाला कोरड पडते, शाळेतील मुलाचे लक्ष लागत नाही. काही मुले उलट चेकाळतात व रात्रभर जागतात. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे मेंदूत कमी शिरतात. तरी सेटिरिझिनने काही मुलांना थोडी झोप येतेच. आज बालकांच्या अ‍ॅलर्जीत प्रथम पसंती या नव्या औषधांनाच द्यावी.

इंदूरहून पुण्याला रात्रीच्या गाडीने निघालेले पालक पुष्कळदा विचारतात, "बाळ गाडीत रडू नये म्हणून थोडे झोपेचे सिरप देऊ का?" याचे उत्तर ठामपणे "नाही" असे आहे. प्रोमेथाझिनमुळे लहान बालकांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली, दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा कडक इशारा दिला. आपल्याकडेही क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असे छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला.

२०२५ साली आपल्याच प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने बालके दगावली, ते दुःख ताजे आहे. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले होते. तो अँटिहिस्टामिनचा गुणधर्म नव्हे. मात्र त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दिलेली सूचना ध्यानी ठेवावी : सर्दी-खोकल्याची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत.

मात्रा कशी मोजावी?

मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते आणि मिलिलिटरमध्ये मोजली जाते. सेटिरिझिनची नेहमीची मात्रा दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसातून एकदा २.५ मिलिग्रॅम असते. गरज पडल्यास डॉक्टर ती दिवसाला एकूण ५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. सहा वर्षांपुढे ती दिवसाला ५ ते १० मिलिग्रॅम असते. दोन वर्षांखालील बालकास डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काहीच देऊ नये. लेव्होसेटिरिझिनची मात्रा सेटिरिझिनच्या निम्मी असते. थेंबांच्या बाटलीतील औषध पुष्कळदा सिरपपेक्षा तीव्र असते. म्हणून एका बाटलीचे माप दुसरीला लावू नये. घरचा चमचा वापरू नये. बाटलीसोबतचे माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर नीट शोषले जात नाही, ते पाण्याबरोबरच द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

जेव्हा सिरपची वाट पाहू नये

काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा माशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा मूल निस्तेज पडले, तर ही तीव्र अ‍ॅलर्जी होय. येथे जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. सिरप पाजून गुण येण्याची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. मुलाला आडवे ठेवावे, धाप असल्यास बसू द्यावे, आणि १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.

समव्यवसायी मित्रांस

अशा प्रसंगी १:१००० अ‍ॅड्रेनॅलिन, दर किलो वजनास ०.०१ मिलिलिटर, मुलांत कमाल ०.३ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील स्नायूत प्रथम द्यावे. अँटिहिस्टामिन व स्टेरॉइड नंतर. साध्या सर्दीत मॉन्टेलुकास्ट व लेव्होसेटिरिझिनची जोडी सवयीने लिहू नये. मॉन्टेलुकास्टमुळे वर्तन व झोप बिघडू शकते, म्हणून २०२० साली अमेरिकेत त्यावर ठळक इशारा आला. तसेच सेटिरिझिन अनेक महिने घेऊन थांबवल्यावर क्वचित तीव्र खाज सुटते, हे पालकांना आधीच सांगावे.

शेवटी पालकांना एक विनंती. दवाखान्यात येताना घरातील सर्व बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत मिलिलिटर लिहिलेले नसेल, तर संकोच न करता विचारावे. त्या आजींनी मला तसे विचारले असते, तर माझी चूक तेथेच सुधारली असती.