जुन्या चेतकची निगा: पोशेऱ्याच्या चढ-उतारांसाठी

पालघर जिल्ह्यातल्या पोशेऱ्याहून जव्हारकडे निघा की मोखाड्याकडे, रस्ता फार वेळ सपाट राहत नाही. चढ, वळण, उतार, पुन्हा चढ. नागलीचं पोतं पायदानावर आणि मागे माणूस, एवढं ओझं घेऊन जुनी बजाज चेतक या रस्त्यावर आजही धावू शकते. मात्र तिची प्रकृती ओळखून वागवायला हवी. चेतक म्हटलं की आता २०२० पासूनची विजेवरची गाडी डोळ्यांसमोर येते. इथे बोलतोय ते आकुर्डीच्या कारखान्यातल्या, किक मारून सुरू होणाऱ्या, पेट्रोलच्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल.

ही गाडी मूळची इटलीची. पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली आणि तिचा आराखडा कोराडिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने केला होता. बजाजने ती परवान्यावर बनवली, १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये व्हेस्पा स्प्रिंटच्या वळणाची चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, १४५.४५ सीसीचं इंजिन, चार गिअर. निगेच्या दृष्टीने या वंशातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. इंजिनाला वारा लागत नाही, त्याला पंखा थंड ठेवतो. आणि गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच सांगाडा आहे. गाडीची बहुतेक दुखणी या तिन्हींपैकी कशाकडे तरी दुर्लक्ष झाल्यामुळेच होतात.

पेट्रोलपासून सुरुवात करू. एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे पाच लिटरला १०० मिली. ऑइल थेट टाकीत ओतू नका. आधी कॅनमध्ये थोड्या पेट्रोलमध्ये ते घालून नीट हलवा, मग टाकीत ओता आणि वरून उरलेलं पेट्रोल भरा. न मिसळलेलं ऑइल तळाशी बसतं, पहिली किक मारताच कार्बोरेटरमध्ये जातं आणि प्लग काळा-ओला होतो. "जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी" हा समज सोडून द्या, त्याने फक्त सायलेन्सर तुंबतो. उलट ऑइल कमी पडलं तर चढावर पिस्टन धरतो. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुना रबरी पाइप मऊ करतं. म्हणून पाइप बदलताना इथेनॉल सोसणारा मागा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

गाडी उभी केली की कॉक बंद. एवढी एक सवय लावली तरी निम्मा त्रास टळतो. कार्बोरेटरची सुई जरा जरी गळत असली तर रात्रभरात पेट्रोल इंजिनाच्या पोटात उतरतं आणि सकाळी किकवर किक मारूनही गाडी दाद देत नाही.

आता गाडी सुरूच होत नसेल तर काय करायचं ते पाहू. इथे क्रम पाळा. माझा ठाम आग्रह असा की दोष सापडेपर्यंत कार्बोरेटरला हात लावायचा नाही. रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर उघडला की मातीचा कण आत जातो, बारीक जेट गवतात हरवतो, आणि मूळ दुखणं मात्र प्लगच्या टोपीत असतं.

१. कॉक खुला आहे का, टाकीत पेट्रोल आहे का, ते पाहा. रिझर्व्हवर टाकून बघा. गाडी एका बाजूला कलती करून पुन्हा सरळ करायची जुनी युक्ती इथे उपयोगी पडते, कारण तळाचं पेट्रोल हलून वाट धरतं.

२. उजवीकडचं पॅनेल काढा, प्लगची टोपी ओढा आणि प्लग सोडवा. त्याचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन बरं आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरा-राखाडी आणि कोरडा असेल तर सावध व्हा, इंजिन तापतंय. अगदी कोरडा आणि पेट्रोलचा वासच नसेल तर पेट्रोल पोचतच नाही.

३. प्लग टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून घ्या आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, अशक्त ठिणगी पडली तर नवा प्लग लावून पुन्हा पाहा. प्लगच्या टोकांतलं अंतर ०.६ मिलिमीटर ठेवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, म्हणजे पुढच्या काळातली १२ व्होल्टची चेतक असेल तर प्लग इंजिनाला न टेकवता किक मारू नका, सीडीआय जळू शकतो.

४. ठिणगी चांगली पण प्लग ओला, तर इंजिनात पेट्रोल भरलंय. कॉक बंद करा, प्लग बाहेरच ठेवा, टोपी लांब सारून तिच्यात दुसरा प्लग टेकवून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून धरा आणि आठ-दहा किक मारा. पेट्रोल बाहेर फेकलं जाईल. थोडा वेळ थांबून कोरडा प्लग बसवा, चोक न ओढता किक मारा.

५. ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, तेव्हाच पेट्रोलची वाट तपासा. कार्बोरेटरकडचा पाइप काढा, बाटलीत धार सोडा. धार बारीक असेल तर दोष कॉकमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या भोकात. झाकण उघडताच धार वाढली तर भोकच बंद आहे. धार जोरात असेल तर मात्र आता जेटकडे वळायला हरकत नाही.

जेट साफ करताना तार घालू नका. पितळेचं भोक जरा जरी मोठं झालं तर इंजिन पेट्रोल पिऊ लागतं. पेट्रोलने धुवा, हवा मारा, आणि लागलाच तर नायलॉनचा एखादा तंतू वापरा. हवेचा जाळीचा फिल्टरही त्याच वेळी पेट्रोलमध्ये धुऊन वाळवा. मिश्रणाचा स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर काढा, गाडी तापल्यावर बारीक फेरफार करा. कार्बोरेटरचे बोल्ट मात्र ताकद लावून आवळू नका, नाहीतर बूड वाकतं आणि खालून हवा ओढली जाते.

पॉइंटच्या जुन्या गाडीत पॉइंटमधलं अंतर मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेजने पाहा, ०.४ मिलिमीटरच्या आसपास. पॉइंट पॉलिश पेपरवर हलके घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते, असं झालं तर कंडेन्सर बदलून बघा. हेच लक्षण झाकणाच्या बंद भोकाचंही असतं. दोन्हींतला फरक तिथेच कळतो. गाडी बंद पडल्या-पडल्या झाकण उघडा. फस्स असा आवाज आला तर दोष झाकणाचा, नाहीतर ठिणगी तपासा.

चढावर दम सोडणं हा आपल्या भागातला सर्वांत मोठा तक्रारीचा विषय आणि त्याची दोन कारणं लोक एकमेकांत मिसळतात. इंजिन किंचाळतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच घसरतोय. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई आहे का ते आधी पाहा, नसेल तर केबल सैल करा. ढिलाई असूनही घसरत असेल तर प्लेटा झिजल्यात. याउलट इंजिनाचा आवाजच चढत नाही, गुदमरतो, तर सायलेन्सरमध्ये कार्बन भरलाय. सायलेन्सर काढून मोकळ्या जागेत लाकडाच्या जाळावर तापवला की आतला कार्बन जळतो, मग ठोकून झटकून काढायचा. धूर अंगावर घेऊ नका आणि जाळाजवळ पेट्रोलचा कॅन ठेवू नका. एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन काढताना इंजिन हाताने फिरवून पिस्टन पोर्टसमोर आणा म्हणजे कण आत पडत नाहीत. काडी लाकडाची घ्या, लोखंडाची नको. गिअर पडतो पण जोर लागला की सुटतो, तर आधी हँडलच्या खुणा आणि गिअर केबल जुळवा. तरी सुटला तर गिअरबॉक्समधला गिअर धरून ठेवणारा क्रॉस झिजलाय आणि ते काम मिस्त्रीचं.

ओझं घेऊन चढताना इंजिनाचा सूर अचानक बदलला, गाडी कुणी मागून ओढल्यासारखी जड झाली, तर विचार करत बसू नका. क्लच दाबा, ॲक्सिलरेटर सोडा, कडेला थांबा. वीस मिनिटं निवू द्या. पाणी ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जातो. मग हाताने किक हळू दाबून पाहा, फिरत असेल तर सुरू करा आणि पुढे बेताने चालवा. घरी आल्यावर पंख्याची पाती आणि इंजिनावरचा पत्र्याचा डबा उघडा. लाल चिखल, भाताचा पेंढा, गवत तिथे भरलेलं असतं. पंखा वारा देतो तो या डब्यातूनच, म्हणून डबा काढून गाडी चालवणं चूकच. काही जण "हवा लागेल" म्हणून तो काढतात आणि इंजिन गमावतात.

उताराचा धोका मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरच्या तोरंगण घाटातून उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडून दिली तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पण पेट्रोल जवळपास येत नाही. पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही. पिस्टन कोरडा धावतो. म्हणून दर थोड्या अंतराने क्लच दाबून ॲक्सिलरेटरचा एक झटका द्या. टू-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं अडवतही नाही, तेव्हा दोन्ही ब्रेक आळीपाळीने, थोडे थोडे वापरा. सतत दाबून धरले तर ड्रम तापून ब्रेक मवाळ होतात.

इंजिनाच्या दोन सीलांकडेही कान-डोळे ठेवा. आयडलिंग आपोआप चढू लागलं आणि स्क्रू फिरवूनही उतरत नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचं सील हवा ओढतंय. मिश्रणात हवा वाढते, प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन धरतो. अशी गाडी चालवू नका. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं, तर क्लचच्या बाजूचं सील गेलं. गिअरबॉक्समध्ये एसएई ३० चं २५० मिली ऑइल लागतं. गाडी सरळ उभी करून भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की पुरे. जुनं ऑइल डब्यात जमा करा, ओहोळाकडे जाऊ देऊ नका, खाली लोक तेच पाणी भरतात.

दास्कानियोचं विमानशास्त्र चाकात दिसतं. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं, विमानाच्या चाकासारखं. म्हणून पंक्चर झाल्यावर नट सोडले की चाक सरळ बाहेर येतं आणि स्टेपनी चढते. पण चाकाची रिम दोन अर्ध्यांची, आपसात नटांनी जोडलेली असते. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय हे जोडाचे नट सोडू नका. रिम उडून तोंडावर येते. हवा पुढे १८, मागे एकट्याला २५ आणि दोघांना ३६ पीएसआय. स्टेपनीत ३६ ठेवा, गरजेला कमी करता येते.

पावसाळ्यासाठी मे महिन्यात एक दिवस राखून ठेवा. केबलींमध्ये वरून ऑइलचे थेंब सोडा आणि निपलपाशी एकही तार तुटलेली दिसली तर केबल बदला. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल डिकीत असू द्या. प्लगच्या टोपीचं रबर फाटलेलं असेल तर नवं घ्या. पायदानाच्या रबरी पट्ट्या काढून खालची माती खरवडा, पाणी जाण्याची भोकं मोकळी करा, गंज घासून प्रायमर लावा. इंजिन गंजलं तर बदलता येतं, पण पायदान आणि मधल्या बोगद्याचा पत्रा सडला की गाडीचा कणाच गेला. ओहोळ ओलांडल्यावर थोडं अंतर दोन्ही ब्रेक हलके लावत चाला म्हणजे लायनर वाळतात.

चार महिने गाडी उभीच ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून किक हाताने दोन-तीनदा दाबा, प्लग परत बसवा, गाडी फळीवर उभी करा. पडवीत कोरडी जागा द्या, ताडपत्री गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा प्लग पुसा, ताजं मिश्रण भरा, आणि पहिली पाच मिनिटं दाट धूर येईल तो येऊ द्या, ते आत सोडलेलं ऑइल जळत असतं. त्याच दिवशी नोंदणीचं पुस्तकही पाहून ठेवा. १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर बहुधा ठाण्याचा एमएच-०४ असतो. इंजिन आणि चॅसीचा नंबर पुस्तकाशी जुळतो का, ते गंज खरवडून आधीच वाचून घ्या.